बर्फावरची पहिली वर्षे : कारोलिना कोस्टनरच्या उमेदीच्या काळाविषयी



ज्या शाळेत मी विद्यार्थी म्हणून वाढलो आणि पुढे छत्तीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून ज्या क्षेत्राची सेवा केली, त्या क्षेत्रातील एखादा विषय आपल्यापुढे मांडावा, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. या व्याख्यानमालेत यापूर्वी संतसाहित्य, विज्ञान, सहकार अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत एका इटालियन मुलीच्या बर्फावरील स्केटिंगचा विषय पाहून कित्येकांच्या भुवया उंचावल्या असतील. बेळगावात बर्फ पडत नाही, पडण्याची शक्यताही नाही. आपली मुले सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट्स घालून गिरक्या घेतात, एवढाच काय तो आपला या खेळाशी संबंध. तथापि, खेळाडूचे चरित्र हे शिक्षणाचेही चरित्र असते अशी माझी धारणा आहे. लहान वयात यश मिळालेल्या मुलामुलींचे पुढे काय होते आणि भोवतालच्या समाजाने त्यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरातला आहे. तो जरा दूर अंतरावरून पाहिला, तर अधिक स्पष्ट दिसेल, असे मला वाटते.

प्रथम त्या मुलीच्या गावाकडे जाऊ. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून, दक्षिण टिरोल नावाचा पर्वतीय प्रांत आहे. डोलोमाइट्स पर्वताच्या कुशीत तेथे एक दरी आहे. तिला इटालियन भाषेत वाल गार्देना, जर्मन भाषेत ग्र्योडन आणि तेथील मूळ रहिवाशांच्या लादिन भाषेत गेर्देइना म्हणतात. दरीतील मुख्य गावालाही अशीच तीन नावे आहेत. इटालियन ऑर्टिसेई, जर्मन सांक्ट उलरिख आणि लादिन उर्तिजेइ. ज्या गावाला तीन नावे असतात, त्या गावाचा इतिहास सरळ नसतो, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हा प्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १९१९ च्या सां-जेर्मेनच्या तहानुसार तो इटलीकडे गेला. त्यानंतर फॅसिस्ट राजवटीत जर्मन शाळा बंद पाडण्यात आल्या, गावांची नावे बदलण्यात आली. १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांच्या करारान्वये तेथील लोकांना एक निष्ठुर पर्याय देण्यात आला : जर्मनीत निघून जा, नाहीतर भाषा सोडून इटलीत राहा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या कराराने आणि पुढे १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने परिस्थिती सावरत गेली. २०११ च्या गणनेत प्रांतातील सुमारे ६९ टक्के लोकांनी आपण जर्मन भाषकगटातील असल्याचे नोंदवले, २६ टक्क्यांनी इटालियन आणि अवघ्या साडेचार टक्क्यांनी लादिन. म्हणजे लादिन लोक हे अल्पसंख्याकांतील अल्पसंख्याक. देशात इटालियन बहुसंख्य, प्रांतात जर्मन बहुसंख्य, आणि लादिन बहुसंख्य असतील तर ते केवळ आपल्या दऱ्याखोऱ्यांत.

सतराव्या शतकापासून लाकडावरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेल्या या दरीत हिमक्रीडांचे वेड घरोघर आहे. १९७० साली स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा येथेच भरली होती. अशा ठिकाणी वाढलेली कारोलिना कोस्टनर ही ८ फेब्रुवारी १९८७ रोजी बोल्झानो येथे जन्मली. वडील एर्विन कोस्टनर हे आइस हॉकीचे खेळाडू. १९८४ च्या सारायेवो ऑलिंपिकमध्ये ते इटलीकडून खेळले होते. आईही तरुणपणी फिगर स्केटिंग करीत असे. चुलत नात्यातील इझोल्डे कोस्टनर ही स्कीइंगमध्ये तीन ऑलिंपिक पदके मिळवणारी. तेव्हा चौथ्या वर्षी या मुलीच्या पायात स्केट्स चढले, यात नवल नाही. आपल्याकडे गवयाच्या घरातील मूल तंबोऱ्याच्या नादात रांगते, तसेच हे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. फिगर स्केटिंग या नावातील फिगर म्हणजे आकृती. पूर्वी खेळाडूंना बर्फावर ठरावीक वर्तुळे आणि वळणे कोरून दाखवावी लागत, आणि परीक्षक खाली वाकून त्या रेघा तपासत. कोरीव अक्षरांचा कित्ताच म्हणा ना! १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा भाग वगळण्यात आला. राहिले ते संगीताच्या साथीने करावयाचे दोन कार्यक्रम : एक छोटा, ज्यात ठरवून दिलेल्या कृती कराव्या लागतात, आणि दुसरा मुक्त, जो स्त्रियांसाठी चार मिनिटांचा असतो. पोलादी पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. कोणत्या कडेवरून उडी घेतली, पात्याच्या पुढच्या दातांचा आधार घेतला की नाही, यावरून उडीचे नाव ठरते. टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल अशा त्या सहा उड्या. सेकंदाच्या पाऊण भागाहूनही कमी वेळात हवेत तीन गिरक्या पूर्ण करायच्या आणि एका पायावर, मागे सरकत, ओठांवर हसू ठेवून उतरायचे. हे सारे ज्या कडेवर घडते, ती काही मिलिमीटरची असते.

म्हणूनच या खेळात मुलांना सर्वांत आधी पडायला शिकवतात. कसे पडावे, हात कोठे ठेवावेत, गुडघ्यावर येऊन पुन्हा कसे उभे राहावे, हा पहिला पाठ. उड्या नंतर येतात. आपल्या शालेय व्यवस्थेत हा पहिला पाठ नाही, याची खंत मला नोकरीच्या सबंध काळात वाटत आली.

कारोलिनाच्या बालपणी गावातील बर्फाची रिंक वापरण्याजोगी राहिली नाही. सरावासाठी बोल्झानोपर्यंत जाणे-येणे सुरू झाले. अखेर २००१ साली, चौदा वर्षांच्या वयात, तिने घर सोडले आणि जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ओबर्स्टडोर्फ येथे प्रशिक्षक मिखाएल हुट यांच्याकडे ती राहू लागली. विद्यार्थी मित्रहो, आठवी-नववीतील मुलीने परक्या देशात सकाळी उठून बर्फावर जायचे, मग अभ्यास करायचा, मग पुन्हा बर्फावर जायचे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. देश परका होता, पण भाषा परकी नव्हती. जी दरी तीन भाषांत जगते, तिची मुले सीमेपलीकडे गेली तरी मुकी होत नाहीत.

येथे क्षणभर थांबून मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या शहरात पालक मला पुनःपुन्हा विचारतात, ‘सर, मराठी शाळेत घातलं तर पोर पुढे कुठं टिकणार?’ या प्रश्नामागील काळजी खरी आहे आणि तिची टवाळी करणे योग्य नव्हे. दक्षिण टिरोलमधील लादिन दऱ्यांनी या काळजीला जे उत्तर शोधले, ते मननीय आहे. तेथील शाळांत इटालियन आणि जर्मन या दोन्ही भाषांतून जवळपास समसमान शिक्षण दिले जाते आणि लादिन ही भाषा म्हणून शिकवली जाते. लादिनच्या वाट्याला येणारे तास थोडे आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु घरची भाषा हा अडसर मानून तिला दाराबाहेर ठेवण्याऐवजी, तिच्या उंबऱ्यावर उभे राहून आणखी दोन भाषा शिकण्याची ही रीत आहे. लहान भाषेत वाढणे म्हणजे लहान जगात वाढणे नव्हे. आपण बेळगावकर मराठी, कानडी, कोकणी, हिंदी अशा चार बोलींत बाजार करतो. हे आपले वैभव आहे, व्यंग नाही.

आता स्पर्धांकडे वळू. २००२-०३ हा कारोलिनाचा उदयाचा हंगाम. जानेवारी २००३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तिने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत चौथा क्रमांक पटकावला. त्याच हंगामात झेक प्रजासत्ताकातील ओस्ट्रावा येथे झालेल्या कुमार गटाच्या जागतिक स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. तिच्यापुढे दोघी जपानी मुली होत्या, युकिना ओता आणि मिकी आंदो. त्यानंतर वॉशिंग्टन येथील ज्येष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ती दहावी आली आणि पुढील वर्षी, २००४ साली, डॉर्टमुंड येथे पाचवी. मार्च २००५ मध्ये मॉस्को येथे इरिना स्लुत्स्काया आणि साशा कोहेन यांच्या पाठोपाठ तिसरी येऊन तिने जागतिक कांस्यपदक मिळवले. १९७८ साली ओटावा येथे सुझाना द्रियानो हिने जिंकलेल्या कांस्यपदकानंतर एकेरीत इटालियन महिलेला मिळालेले हे पहिलेच जागतिक पदक होते. मध्ये सत्तावीस वर्षांची पोकळी गेली होती. अठरा वर्षांच्या मुलीने ती भरली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे वळणे स्वाभाविक होते. शिवाय पुढचे हिवाळी ऑलिंपिक इटलीतच, तोरिनो येथे व्हायचे होते.

याच सुमारास खेळातील गुणदानाची पद्धत आमूलाग्र बदलत होती. जुन्या पद्धतीत परीक्षक सहापैकी गुण देत आणि त्यावरून क्रम लावीत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून मोठे वादंग माजले, परीक्षकावर दडपण आल्याचे आरोप झाले आणि अखेर दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. त्यानंतर नवी पद्धत आली. हिच्यात प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला मूळ किंमत असते; ती किती चांगली झाली यावरून किंमत वाढते वा घटते; आणि पडल्यास त्या कृतीचे गुण घटून शिवाय एक गुण वजा होतो. २००५ ची मॉस्कोची स्पर्धा ही या पद्धतीने झालेली पहिली जागतिक स्पर्धा. या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली. हिच्यामुळे कला हिशेबात अडकली, असे म्हणणारे आहेत. परंतु शिक्षक म्हणून मला तिच्यातील एक तत्त्व मोलाचे वाटते. येथे पडणे ही खात्यावरील एक नोंद असते, सबंध खाते नव्हे. पहिल्याच उडीला पडलेला खेळाडूही उरलेले कार्यक्रम नीट करून आपली कमाई करू शकतो.

आता तोरिनोकडे येऊ. १० फेब्रुवारी २००६ रोजी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. यजमान इटलीचा ध्वज हाती घेऊन संघाच्या अग्रभागी चालण्याचा मान कारोलिनाला मिळाला. दोनच दिवसांपूर्वी तिला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले होते. चार वर्षांपूर्वी सॉल्ट लेक सिटीत हाच मान इझोल्डे कोस्टनरला मिळाला होता. ज्या दरीची भाषा देशात मूठभर लोक बोलतात, त्या दरीतील दोन मुलींनी लागोपाठच्या दोन हिवाळी ऑलिंपिकमध्ये साऱ्या इटलीचा ध्वज वाहिला. ज्या प्रांतात एकेकाळी भाषेपायी माणसांना घरे सोडावी लागली, त्याच प्रांताच्या इतिहासातील हे पान आहे. त्याचा अर्थ मी आपल्यावर सोपवतो.

परंतु ध्वजाची काठी हाताला जेवढी जड लागते, त्याहून तिचे ओझे मनाला अधिक. नुकतेच, जानेवारीत, लिऑन येथे तिने युरोपीय कांस्यपदक मिळवले होते. घरच्या प्रेक्षकांसमोर पदकाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिच्याकडून चुका झाल्या आणि ती नववी आली. सुवर्णपदक जपानच्या शिझुका अराकावाला मिळाले. पुढच्याच महिन्यात कॅल्गरीच्या जागतिक स्पर्धेत ती बाराव्या क्रमांकावर घसरली. एका वर्षात तिसरीवरून बारावी! वास्तविक ऑलिंपिकमध्ये नववे येणे म्हणजे जगातील नववे येणे. परंतु ज्याच्याकडून पदक गृहीत धरले जाते, त्याचा नववा क्रमांक लोकांना अपराधासारखा वाटतो. हा अनुभव केवळ खेळाडूंचा नाही. शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आलेला मुलगा बारावीला मागे पडला, की आपणच कुजबुजतो, ‘तो? तो संपला.’ सतराव्या वर्षी कोणी संपत नसते. संपतो तो आपला धीर.

या खेळात आणखी एक निसर्गदत्त अडचण आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे शरीर हलके आणि अरुंद असते. हवेत गिरक्या घेणे तिला सोपे जाते. पुढे उंची वाढते, अंगकाठी बदलते, गुरुत्वमध्य सरकतो. जी उडी काल आपोआप येत होती, ती आज नव्याने शिकावी लागते. कारोलिना तर या खेळाच्या मानाने उंच. पुष्कळ मुली या वळणावरच खेळ सोडतात. २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदक मिळवणारी रशियाची युलिया लिप्नित्स्काया २०१७ साली, विशी गाठण्यापूर्वीच, निवृत्त झाली. बालवयातील मुलींवर पडणाऱ्या या ताणाची चर्चा २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर झाली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने ज्येष्ठ गटासाठीची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरापर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. मुलांना मोठे होण्यास वेळ द्यावा, ही साधी गोष्ट नियमात लिहावी लागली.

कारोलिनाने तो वेळ घेतला. किंबहुना, तिच्या प्रशिक्षकांनी तो दिला, हे अधिक महत्त्वाचे. २००६ च्या अपयशानंतरही तिचा सराव ओबर्स्टडोर्फलाच, हुट यांच्याकडेच चालू राहिला. त्या शरद ऋतूत घोट्याच्या दुखापतीमुळे तिला स्पर्धांपासून दूर राहावे लागले. आणि मग जानेवारी २००७ मध्ये वॉर्सा येथे ती युरोपची अजिंक्यवीर झाली. महिला एकेरीत हा मान मिळवणारी ती पहिली इटालियन खेळाडू. २००८ मध्ये झाग्रेब येथे तिने ते पद राखले आणि मार्च महिन्यात गोथेनबर्ग येथे माओ असादाच्या पाठोपाठ, किम यु-नाच्या पुढे, जागतिक रौप्यपदक मिळवले. तेव्हा तिला नुकतेच एकविसावे वर्ष पूर्ण झाले होते.

येथे ‘आणि त्यानंतर ती सदैव जिंकत राहिली’ असे म्हणून मला ही कथा संपवता आली असती. परंतु आयुष्य बोधकथेच्या शिस्तीत चालत नाही. २००९ च्या जागतिक स्पर्धेत ती पुन्हा बारावी आली. प्रशिक्षक बदलून ती कॅलिफोर्नियात गेली. २०१० साली तिने तिसऱ्यांदा युरोपीय सुवर्णपदक मिळवले, पण व्हॅन्कूव्हर ऑलिंपिकच्या मुक्त कार्यक्रमात ती वारंवार पडली आणि सोळावी आली. त्यानंतर ती आपल्या जुन्या गुरूंकडे परतली. २०१२ साली नीस येथे, पंचविसाव्या वर्षी, ती जगज्जेती झाली. हा मानही इटालियन महिलांत पहिलाच. २०१४ साली सोची येथे, सत्ताविसाव्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात तिला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळाले. पुढे एक कटू प्रकरणही आले : तेव्हाच्या एका निकटवर्ती खेळाडूस उत्तेजक द्रव्याची चाचणी टाळण्यास साहाय्य केल्याबद्दल २०१५ साली तिच्यावर बंदी घालण्यात आली. स्वतः तिने असे द्रव्य घेतल्याचा आरोप नव्हता. पण कोणालाही देव्हाऱ्यात बसवू नये, म्हणून ही गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटले. ती पुन्हा परतली आणि २०१८ साली, एकतिसाव्या वर्षी, प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पाचवी आली. एकंदर अकरा युरोपीय पदके, त्यांपैकी पाच सुवर्ण.

आता या साऱ्यातून आपण काय घ्यावे? उपदेशाचा अधिकार मला नाही, पण शिक्षकाच्या सवयीने तीन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट लहान गावांविषयी. लहान गाव मुलाला सर्व काही देऊ शकत नाही. पण पहिले ते देऊ शकते. चौथ्या वर्षी पायात चढवलेले स्केट्स गावाचे होते. आपल्या शाळेनेही मुलांना पहिले वाचन, पहिले गाणे, पहिली शर्यत द्यावी, आणि जेव्हा ती पुणे, बंगळूर वा त्याहूनही दूर निघतील, तेव्हा जड अंतःकरणाने का होईना, पण मोकळ्या हाताने त्यांना निरोप द्यावा. निघून जाणे ही कृतघ्नता नव्हे.

दुसरी गोष्ट कौतुकाविषयी. ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज जमलो आहोत, त्यांची एक रीत येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. गणिताच्या चाचणीचे पेपर वाटताना ते सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचत नसत. चुकलेले गणित मात्र फळ्यावर पुन्हा सोडवीत, आणि ज्याचे चुकले त्यालाच खडू देत. तेव्हा ही रीत आम्हांला रूक्ष वाटे. आज वाटते, ते आम्हांला पडण्याचा पहिला पाठ देत होते. कौतुक जरूर करावे. परंतु ते मुलाच्या खांद्यावर काठी होऊन बसू नये.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांना उद्देशून. आपली शाळा दरवर्षी यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार करते, त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावते. ते योग्यच आहे. पण जे नववे आले, बारावे आले, ज्यांचा धंदा बसला, ज्यांची नोकरी गेली, ते आपल्या संमेलनांना येत नाहीत. संकोचतात. गेली अनेक वर्षे मी हे पाहतो आहे. कारोलिनाला २०१० साली परतण्यासाठी ओबर्स्टडोर्फचे दार उघडे होते, म्हणून २०१२ घडले. आपल्या प्रत्येक मुलासाठी असे एखादे दार असले पाहिजे, आणि ते दार शाळेचे असावे यासारखे दुसरे भाग्य नाही. पुढील वर्षीच्या संमेलनाचे निमंत्रण पाठवताना आपल्या वर्गातील असा एक मित्र आठवून त्याच्या घरी प्रत्यक्ष जावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे. पत्र पाठवून भागणार नाही. घरी जावे लागेल.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.